पाच फेऱ्या

मी खेळाचा शिक्षक. कोरपना तालुक्यातल्या मुलांच्या एका आश्रमशाळेत बरीच वर्षे काढली, त्यातली काही वर्षे अधीक्षकाची जागा रिकामी म्हणून वसतिगृहही सांभाळले. पहाटे साडेपाचला माझी शिट्टी वाजली की शंभरेक पोरे मैदानावर. दुखते म्हणणाऱ्या पोराला आधी पळवायचे, दुखणे खरे असेल तर ते पळतानाच कळते, असे माझे ठाम मत होते. शिक्षकांच्या खोलीत मी ते मोठ्याने सांगायचो आणि सगळे माना डोलवायचे.

हे मत काही दुष्टपणातून आलेले नव्हते. आमची पोरे बहुतेक गोंड, कोलाम. आईबाप कोरडवाहू कापसाचे, नाहीतर दुसऱ्याच्या वावरात वेचणीला. दिवाळीनंतर पोरे आठ-आठ दिवस उशिरा परततात, कारण घरी बोंडे फुटलेली असतात. काय व्हायचे म्हणून विचारले की उत्तर ठरलेले : पोलीस नाहीतर वनरक्षक. पोलिसाला 1600 मीटरची धाव, वनरक्षकाला 30 मिनिटांत 5 किलोमीटर. नोकरीचे दार पायांनीच उघडायचे असते, हे मला स्वतःच्या अनुभवाने माहीत होते. भरतीच्या मैदानावर मी काही सेकंदांनी मागे पडलो आणि शिक्षक झालो. पोरांच्या पायात माझे ते सेकंद होते, हे आज कळते.

मग आले 2018. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुले ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टवर गेली. मे महिन्यात मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी शिखर गाठले. जिवती आणि देवाडा इथल्या शाळांची ही लेकरे, आमच्या शेजारची, आमच्यासारखीच वरण-भात खाणारी. मी पेपरातला फोटो कापून वसतिगृहाच्या दारावर चिकटवला. जूनअखेर शाळा उघडली तेव्हापासून माझ्या तोंडी एकच वाक्य : “ती पोरं एव्हरेस्ट चढली, तुमच्याच्यानं पाच फेऱ्या होत नाहीत?”

त्या मोहिमेत दहा विद्यार्थी होते, हे मला ठाऊक होते. पण मी मोजले पाचच. आणि त्यांची किती महिने तयारी झाली, दार्जिलिंगला आणि लडाखला काय काय शिकवले, हे मी पोरांना कधी सांगितले नाही. सांगितले असते तर टोमण्याची धार गेली असती.

नववीत एक मुलगा होता. काटकुळा, डोळे नेहमी थोडे पिवळट. कबड्डीत चपळ, पण दोन चढाया केल्या की बाहेर बसायचा. “सर, हाडं ठणकते.” पोळ्याला ठणकत नव्हते, गणपतीत नाचताना ठणकत नव्हते, माझ्या तासालाच ठणकायचे. मी त्याचे नाव ‘ठणका’ ठेवले. पोरांनी ते लगेच उचलले. शिक्षकाने दिलेले टोपणनाव पोरे कधी विसरत नाहीत.

त्यातच तो अंथरूण ओले करायचा. नववीतला मुलगा! सतरंज्या वाळत घालताना बाकीचे हसायचे. माझ्याकडे उपाय तयार होता : संध्याकाळी सातनंतर पाणी बंद. माठ मी माझ्या खोलीत ठेवायला लागलो. आणि ज्या सकाळी अंथरूण ओले, त्या सकाळी त्याला पाच फेऱ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, हे प्रशिक्षणात मी वहीत लिहून घेतले होते. पण फेऱ्या म्हणजे व्यायाम, शिक्षा थोडीच!

डिसेंबरातली सकाळ. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 47 अंशांवर जातो म्हणून लोकांना वाटते इथे थंडी नसेल. कापसाच्या वावरावर धुके उतरते तेव्हा बोटे वाकत नाहीत. तिसऱ्या फेरीत तो खाली बसला. मी शिट्टी मारली. तो उठला नाही. जवळ गेलो तर दोन्ही मांड्या धरून तो ओरडतही नव्हता, नुसता श्वास ओढत होता. मी म्हणालो, “नाटक पुरे.” हे माझे शब्द आहेत. त्यात काही कमीजास्त करत नाही.

त्याला चंद्रपूरला न्यावे लागले. रक्त तपासले. सिकलसेल, एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, आजारच.

आमच्या पट्ट्यात हा शब्द नवा नाही. शाळेत तपासणीला आरोग्य खात्याची माणसे येतात, डिसेंबरात सिकलसेल सप्ताह होतो, मीच रांगा लावलेल्या आहेत. त्या वर्षीच्या तपासणीला हा पोरगा वेचणीला गावी होता, आणि नंतर त्याला पाठवायचे मी विसरलो. आजार रक्तातला, आईबापांकडून आलेला. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक. साध्या तांबड्या पेशी गोल असतात आणि सुमारे 120 दिवस टिकतात. याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, दहा-वीस दिवसांत मरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. तिथे पुढे रक्त जात नाही. हाडे ठणकतात ती त्यामुळे. थंडी, ताप, दमणूक आणि अंगातले पाणी कमी होणे, यातले काहीही ठणका उठवायला पुरते.

डॉक्टरीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. “पाणी किती पितो हा?”

मग त्यांनीच समजावले. या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती वारंवार आणि भरपूर होते, रात्री अंथरुणातही होते. त्यावर इलाज म्हणून पाणी कधीही तोडायचे नाही, उलट जास्त पाजायचे. मी माठाबद्दल काही बोललो नाही. बोललो असतो तर त्या रागावल्या असत्या आणि मला बरे वाटले असते.

त्याची माय दुसऱ्या दिवशी आली. “लहानपणापासून थंडीत रडे जी. आमाले वाटे, कामाले भेते.” मला त्या वाक्याचा आधार वाटला. माय असून तिलाही कळले नाही, मग मला कसे कळणार! वर्षभर मी ते वाक्य स्वतःला ऐकवत राहिलो. पण मायने त्याचे पाणी कधी तोडले नव्हते.

माठ परत व्हरांड्यात गेला. दारावरचे कात्रण मी काढले नाही, टोमणा मात्र बंद झाला. दुखते म्हणणाऱ्या पोराला आधी बसवायचे, पाणी द्यायचे, मग विचारायचे, असा नवा नियम केला. त्याचा फायदा घेणारी पोरेही निघाली. निघोत. दहा लबाड बसले तरी चालतील, असे मी आता म्हणतो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत माना डोलत नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर मी हे लिहिलेच नसते. मी दुसरी चूक केली. त्याला मैदानावरून पूर्णच उठवले. फोलिक ॲसिडच्या गोळ्या वेळेवर, स्वेटर, हजेरीचे रजिस्टर हातात, बाकावर जागा. सहलीला माणिकगडाला गेलो तर त्याला पायथ्याशी गाडीत बसवले. परत येईपर्यंत त्याने डबा उघडला नव्हता. म्हणाला, “आधी पळवत होते, आता बसवून ठेवता. मले कोणी इचारतच नाही.”

डॉ. अभय बंग आणि राणी बंग गडचिरोलीत आले तेव्हा त्यांनी सिकलसेल शोधून काढला, पण लोकांना तो आपला पहिला प्रश्न वाटला नाही. आपले प्रश्न लोकांनीच सांगावेत हे त्यातून शिकलो, असे डॉ. बंग सांगत आले आहेत. मी हे भाषणात ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या.

या वेळी मी त्याला विचारले. दोन चढाया खेळायच्या, मग पाणी, मग जमल्यास परत, असे त्यानेच ठरवले. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. सिकलसेलच्या मुलांना दहावीच्या पेपराला तासामागे 20 मिनिटे जादा मिळतात, तो अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला.

दहावीच्या निकालानंतर त्याने विचारले, “सर, वनरक्षकाचे पाच किलोमीटर मले जमन का?”

पूर्वीचा मी म्हणालो असतो, मेहनत कर, जमेल. एव्हरेस्टवाल्यांचे नाव घेतले असते. या वेळी मी खरे ते सांगितले : नाही, आणि त्या नादात जीव धोक्यात घालू नकोस. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

“पळा लागत नाही अशी कोणती परीक्षा असते?”

“तलाठ्याची,” मी म्हणालो.

त्याने तोंड वाकडे केले. “तलाठी? सर, लोकं शिव्या देतेत ना त्याले.”