आधी काळ्या पट्ट्या

पियानो शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांची सुरुवात एकाच जागेवर होते. कीबोर्डच्या मध्यावरची पांढरी एक, म्हणजे मिडल सी, आणि तिच्यावर दोन्ही हातांचे अंगठे. जॉन थॉम्प्सन यांचं १९३६ सालचं लहान मुलांसाठीचं पुस्तक याच पद्धतीचं, आणि आपल्याकडे पुष्कळ जण त्यावरच शिकले. पद्धत कागदाच्या सोयीची आहे. मिडल सी वरच्या आणि खालच्या रेघांच्या बरोबर मध्ये बसतो, तिथून एकेक स्वर वर आणि खाली मोजत जाता येतं. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या अंगाकडे बघा. दोन्ही अंगठे एकाच पट्टीवर आणले की कोपरं बरगड्यांना चिकटतात, मनगटं बाहेर मुरडतात, खांदे वर चढतात. समोर ८८ पट्ट्या पसरलेल्या असतात आणि मूल महिनोन् महिने पोटासमोरच्या आठ-नऊ पट्ट्या सोडून कुठे जात नाही. शिवाय नजर पुस्तकात. कान मोकळेच राहतात.

मी सुरुवात काळ्या पट्ट्यांवर करते.

हे काही माझं संशोधन नाही. शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना पहिला मेजर स्केल शिकवायचा तो बी मेजर, ज्यात पाचही काळ्या पट्ट्या लागतात. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा सी मेजर तो शेवटी ठेवायचा, कारण तो वाचायला सर्वांत सोपा आणि हाताला सर्वांत अवघड. पियानोशिक्षणावरची त्याची टिपणं अपुरीच राहिली, पण हाताची पहिली बैठक त्यानं त्यात दिली आहे. ती आपल्या पेटीच्या भाषेत सांगते (सप्तकात सीपासून पांढऱ्या एक ते सात, काळ्या एक ते पाच): उजव्या हाताचा अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, चार आणि पाचवर, करंगळी पांढरी सातवर. हात असा ठेवून बघा. लांब बोटांना उंच पट्ट्या मिळतात, आखूड बोटांना खालच्या, आणि तळहात आपोआप गोल होतो. ‘बोटं वाकव, मनगट उचल’ असं ओरडायची वेळच येत नाही.

लहान मुलांसाठी काळ्या पट्ट्यांचा दुसराही फायदा आहे. पांढऱ्या पट्ट्या एकसारख्या, ५२ च्या ५२. त्यात आपली पट्टी शोधायची तर मोजत बसावं लागतं. काळ्या मात्र दोन आणि तीन, दोन आणि तीन अशा घोळक्यानं उभ्या असतात. डोळे मिटूनही हाताला कळतात. म्हणून पहिल्या तासाला मी स्टूल बाजूला सारते आणि मुलाला उभं करते. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळ्या ‘दोनच्या जोड्या’ शोधून वाजवायच्या. त्यासाठी चालावं लागतं. खालचे सूर पोटात घुमतात, वरचे काचेसारखे टणकन वाजतात, आणि उजवीकडे गेलं की सूर वर जातो हे न सांगता समजतं. मग तळहातानं, मुठीनं, कोपरानंसुद्धा वाजवायची मुभा. काही पालकांना हा चक्क धुडगूस वाटतो. पण हंगेरीच्या ज्यॉर्ज कुर्तागसारख्या थोर संगीतकारानं १९७३ पासून पियानोसाठी ‘यातेकोक’ म्हणजे ‘खेळ’ नावाची छोट्या रचनांची मालिका लिहायला घेतली. तिचं मूळ मुलं वाद्याशी पहिल्यांदा कशी झोंबतात या निरीक्षणात आहे. तळहात, मूठ, पट्ट्यांवरून सरकवलेलं बोट, हे सगळं त्यात रीतसर लिहून वाजवायला दिलं आहे. वाद्याची भीती पहिल्याच दिवशी गेली पाहिजे, या मताची मी आहे, आणि ती बोटाच्या शेंड्यानं भीत भीत एक पट्टी दाबून जात नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

आपल्याकडची मुलं कोऱ्या कानांनी येत नाहीत. कुणाच्या घरी पेटी असते, कुणाचे आजोबा भजनी मंडळात वाजवतात, गणपतीच्या आरत्या तर सगळ्यांच्याच कानात. ‘काळी चारमध्ये गाते’, ‘पांढरी पाच पेलत नाही’ हे बोलणं घरात ऐकलेलं असतं. पियानोच्या वर्गात आल्यावर हे सगळं दाराबाहेर ठेवायला सांगणं मला मोठं नुकसान वाटतं. आणि पाच काळ्या पट्ट्यांत तर आपला खजिनाच आहे. काळी तीनला सा माना आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, भूपाचे स्वर मिळतात: सा रे ग प ध. त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एक धरला तर दुर्गा. काळी दोन धरला तर धानी. काळी चारवरून मधमाद सारंग. काळी पाचवरून मालकंस. गाणाऱ्यांना ही मूर्च्छना ओळखीची आहे. पियानोवर ती लहान मुलाच्या हाताखाली तयार पडलेली असते, आणि चुकीची पट्टी लागायची सोयच नसते, कारण सगळ्याच काळ्या चालतात.

मी मुलाशेजारी खालच्या सप्तकात बसते आणि तानपुऱ्यासारखा आधार देते: काळी तीन आणि काळी एक, म्हणजे सा आणि पंचम, संथ, एकामागून एक. मुलानं वर काळ्यांवर हवं ते वाजवायचं. नियम एवढाच, की थांबायचं असेल तेव्हा ‘घरी’ यायचं, म्हणजे काळी तीनवर. एक सात वर्षांची मुलगी असं वाजवत रमली होती. वाक्यामागून वाक्य करत होती, मध्येच थांबून पुन्हा सुरू करत होती. मी काही न बोलता माझा डावा हात हलवला आणि काळी पाच आणि काळी दोन सुरू केलं. मालकंसाचा सा आणि मध्यम. मालकंसात तानपुऱ्याची पंचमाची तार मध्यमावरच मिळवतात. तिनं दोन-तीन स्वर वाजवले आणि हात उचलला. आपल्या बोटांकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, मग वाकून पियानोच्या खाली डोकावली. ‘ताई, तू पायाखालचं काही दाबलंस का?’ तिच्या पट्ट्या त्याच होत्या. फक्त घर बदललं होतं. सा म्हणजे काय, हे त्या मुलीला पुन्हा कधी समजावून सांगावं लागलं नाही.

इथं एक खुलासा केलाच पाहिजे. हे रागाचे स्वर झाले, राग नव्हे. पियानोवर मींड निघत नाही, सूर घासत नेता येत नाही, आणि समान अंतरावर जुळवलेल्या त्याच्या पट्ट्यांत आपल्या गंधाराची बारकी जागाही सापडायची नाही. ज्याला मालकंस गायचा आहे त्यानं गुरूकडे जावं. मला एवढंच हवं असतं, की मुलानं पहिल्या महिन्यात स्वतःचं काहीतरी वाजवावं आणि ते ऐकावं.

ऐकण्यासाठी पियानो उघडावाही लागतो. अपराईट पियानोची पुढची फळी काढली की आतलं सगळं दिसतं. पट्टी दाबली की फेल्टची हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, आणि पट्टी धरून ठेवलेली असेपर्यंत तार थोपवणारा डँपर तारेपासून दूर राहतो. खर्जात एका स्वराला एक जाड तार, वर गेलं की दोन, पुढे तीन तीन. मुलं हे बघताना अगदी चिडीचूप होतात. मग एक प्रयोग. मधल्या सप्तकातली पांढरी एक इतक्या हळू दाबायची, की आवाजच येऊ नये, आणि दाबून ठेवायची. आता डाव्या हातानं खालच्या सप्तकातली पांढरी एक जोरात वाजवून सोडायची. खालचा सूर तुटतो आणि जी तार आपण वाजवलीच नाही ती गात राहते. सतारीच्या तरफा अशाच बोलतात. उजवं पेडल दाबून तारांवर तोंड नेऊन आपलं नाव हाकारलं तर पियानो ते नाव धूसरसं परत देतो. हा खेळ एकदा दाखवला की तास संपेपर्यंत दुसरं काही सुचू देत नाहीत.

यातून शिकायचं असतं ते असं, की सूर पट्टी दाबल्यावर संपत नाही, तिथं सुरू होतो आणि हळूहळू विरतो, आणि पट्टी सोडणं हीदेखील वाजवण्याचीच क्रिया आहे. पेटीवरून आलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना हे जास्त अवघड जातं. पेटीचा सूर भात्यावर टिकतो, पट्टी कशीही दाबली तरी त्याला फरक पडत नाही. पियानोत सगळं पट्टी दाबण्याच्या त्या एका क्षणाच्या वेगावर ठरतं. वाद्याचं नावही त्यावरूनच पडलं. फ्लॉरेन्सच्या दरबारातल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास हे यंत्र बनवलं ते हळू आणि जोरात, दोन्ही वाजावं म्हणून. त्यानं १७२० साली केलेला एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही आहे.

लयीबाबत फारसं सांगायची गरज नाही. मेट्रोनोम मी सुरुवातीला लावत नाही. खोलीत चालायचं, टाळ्या द्यायच्या, बोल म्हणायचे. चार मात्रांना ‘तकधिमी’, तिनाला ‘तकिट’. मुलांच्या जिभेवर हे चटकन बसतं. वॉल्ट्झ शिकवायच्या आधी दादरा म्हणून घेते, धा धी ना, धा ती ना, आणि मग विचारते, दोन्हींतला फरक कुठं आहे? मुलं शोधून काढतात, की वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्या पावलानंतर तोच ठोका परत येतो आणि दादऱ्यात दुसऱ्या वेळी ‘धी’च्या जागी ‘ती’ येतो, तिथं डावा हात गप्प असतो.

मग कागद कधी? फ्रान्स्वा कूपराँनं १७१६ मध्ये हार्पसिकॉर्ड वाजवण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो स्पष्ट सांगतो, की काही रचना बोटांत बसेपर्यंत मुलांना स्वरलेखन शिकवू नये. तो आणखी पुढे जातो. सुरुवातीच्या काळात तो वाद्याला कुलूप लावून किल्ली सोबत घेऊन जायचा, म्हणजे त्याच्या माघारी मुलांनी शिकवलेलं बिघडवू नये. किल्लीचा भाग मला मान्य नाही. पहिला भाग मी तंतोतंत पाळते. मुलाच्या हातात पाच-सहा तुकडे नीट बसले, की मी कोरा कागद देते आणि म्हणते, तुझं गाणं असं लिही की उद्या मला वाजवता आलं पाहिजे. कुणी डोंगर काढतं, कुणी वरखाली ठिपके, कुणी पट्ट्यांचे आकडे. दुसऱ्या दिवशी मी तो कागद समोर ठेवून जसं लिहिलंय तसंच वाजवते. ‘असं नाही!’ म्हणून ओरडा होतो. कुठं थांबायचं ते लिहिलंच नाही, किती वर जायचं ते कळत नाही. अशा भांडणानंतर पाच रेघा समोर आल्या की मुलांना त्या हव्याशा वाटतात.

त्या रेघा मी आधी खडूनं फरशीवर काढते. मूल त्यावर उभं राहतं: रेघेवर, दोन रेघांमधल्या जागेत, पायरी, उडी, तिथंच. मी वाजवते, ते पावलं टाकतं. मग ते पावलं टाकतं, मी वाजवते. नावांचं पाठांतर फार पुढे. वाचन म्हणजे अंतर ओळखणं, पुढचा स्वर वर गेला की खाली, आणि किती. सरगम येणाऱ्या मुलाला इथं एक अडचण येतेच, ती आधीच सांगून टाकावी: सा जागा बदलतो, सी बदलत नाही.

वाजवायला काय द्यावं? बेला बार्तोकच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’ला मला पर्याय सापडलेला नाही. १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेल्या १५३ रचना, सहा भागांत. पहिले दोन भाग त्यानं आपल्या मुलाला, पेटरला अर्पण केले आहेत. सुरुवातीच्या रचनांत दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, आणि तरीही त्या बालिश नाहीत. जोडीला दीआबेलीचे ऑपस १४९ मधले चार हातांचे तुकडे. विद्यार्थ्याला पाचच स्वर, बाकी सगळी जुळवाजुळव शिक्षकाची. पाच स्वर येणाऱ्या मुलाला पूर्ण संगीतात बसल्याचा अनुभव त्यातून मिळतो, आणि लय सोडून चालत नाही, कारण शेजारचा माणूस पुढे निघून जातो.

‘पहिली ग्रेड कधी देणार?’ हा प्रश्न साधारण तिसऱ्या महिन्यात येतो. ट्रिनिटीच्या किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांना माझा विरोध नाही. अभ्यासाला मुदत मिळते, ठरावीक पातळीची तयारी होते. पण परीक्षेचे तीन तुकडे वर्षभर घोटणारी आणि चौथा तुकडा समोर आला की हात आखडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. निदान पहिलं वर्ष परीक्षेविना जाऊ द्या. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात, फक्त तेव्हा टीव्ही बंद असावा आणि कुणीतरी जवळ बसून ऐकावं. ‘नीट वाजव’ म्हणू नका. ‘पुन्हा वाजव ना’ म्हणा. घरात पेटी असेल तर ती माळ्यावर टाकू नका. काळ्या पट्ट्यांवरचा भूप तिच्यावरही सापडतो. आणि कीबोर्ड विकत घेणार असाल तर त्यात किती आवाज आणि किती ठेके आहेत ते विचारू नका. दुकानातच एक पट्टी हळू दाबा, मग तीच जोरात दाबा. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला, तर तो घेऊ नका.