बिनव्याजी

सुरूच्या सावलींत बसून समुद्राकडे पाहावें, हिशेब करूं नयेत. परंतु गेल्या सुटींत बोर्डीच्या किनाऱ्यावर बसून मीं केला तो हिशेबच. आणि तोहि बुडालेल्या पैशाचा.

माझा एक मुसलमान शाळासोबती येथें चिकूचा व्यापार करतो. हंगामाच्या आरंभीं त्याला 2 लाख रुपयांची गरज पडली. "घेऊन जा, बँकेच्या दरानें व्याज दे म्हणजे झालें," असें मीं मोठ्या उदारपणें म्हटलें. तो हसला. "व्याज नको, प्रोफेसर. भागीदार हो. पैसा तुझा, राबणें माझें. नफा झाला तर निम्मा निम्मा. तोटा आला तर तुझा पैसा जाईल, माझी मेहनत जाईल." मुदारबा म्हणतात तो करार हाच, हें मला मागाहून वाचनांत आढळलें.

झाडावरचा कच्चा बहर उक्ता घेतलास तर स्वस्त पडेल, असा व्यवहारी सल्लाहि मीं दिला. तो त्यानें मानला नाहीं. फळ तयार होण्यापूर्वीं त्याचा सौदा करणें त्याच्या धर्मांत निषिद्ध.

हंगाम अवकाळी पावसानें नासला. माझ्या हातीं 1 लाख 60 हजार परत आले. 40 हजारांचें मला दुःख झालें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मात्र व्याजाचा करार असता तर सारा तोटा त्याच्या एकट्याच्या माथीं बसला असता, आणि त्याची झोप उडाल्याचें मला कळलेंहि नसतें.

या मुलखांत व्याजानें काय केलें तें पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. पावसाळ्यांत खावटीचें धान्य काढावें, सुगीला तें वाढवून फेडावें. लग्नासाठीं कर्ज काढणारा वारली 'लग्नगडी' होऊन सावकाराघरीं जन्मभर राबे. 1945 सालीं तलासरीजवळ झरी येथें वारली जमले ते याच वेठीविरुद्ध; गोदावरी परुळेकरांनीं ती हकीकत लिहून ठेविली आहे.

म्हणून बिनव्याजी पेढीचा प्रश्न मला परका वाटत नाहीं. ईजिप्तमध्यें मित घम्र येथें अहमद अल-नज्जार यांनीं 1963 सालीं तसा प्रयोग केला. 1975 सालीं दुबईस इस्लामी बँक निघाली. आमच्याकडे रघुराम राजन समितीनें 2008 सालीं बिनव्याजी व्यवहाराची शिफारस केली. 2016 सालीं लोकमंगल सहकारी बँकेच्या बार्शी शाखेंत त्याचा आरंभहि झाला. परंतु 2017 सालीं रिझर्व्ह बँकेनें तो विचार सोडून दिल्याचें बाहेर आलें. 1949 चा आमचा कायदा बँकेला मालाची खरेदी-विक्री करूं देत नाहीं. मग तिनें चिकूच्या धंद्यांत वाटेकरी व्हावें तरी कसें?

एक गोष्ट मात्र खटकते. इस्लामी बँकांचा बराचसा धंदा भागीदारीचा नसून मुराबहाचा आहे. बँकेनें वस्तु विकत घ्यावी आणि ठरलेला नफा चढवून ती गिऱ्हाइकास हप्त्यांनीं विकावी. त्यांचे शास्त्री याला व्याज म्हणत नाहींत. माझ्यासारख्या अडाण्याला हप्त्याचा आंकडा फार ओळखीचा वाटतो. तोट्याचा वाटा उचलायला बँका कचरतात, हें खरें. पण तेवढ्यावरून त्यांना हसण्याचा अधिकार मला आहे, असें 40 हजारांनंतर वाटत नाहीं.

परवा मित्राचा निरोप आला : नवा बहर चांगला आहे, या खेपेलाहि भागीदार होणार ना? मीं अजून उत्तर धाडलेलें नाहीं.