मोरीवरचे पाणी



पाऊस वाढला की शाळा लवकर सोडायची, हा आमचा जुना शिरस्ता. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अशीच साडेअकराला शाळा सोडली. मुले घरी गेली, काळजी मिटली, असे आम्ही समजलो. पण खाडीपलीकडच्या वस्तीतली सात मुले मोरीपाशी अडकली. पाणी चढत होते आणि नेमके त्याच वेळी आम्ही त्यांना तिथे धाडले होते! एका रिक्षावाल्या भाऊंनी त्यांना परत आणले. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

२००६ साली उकाईच्या पाण्याने सुरत बुडाले, ते सर्वांना आठवते. म्हणून आपण धरणाच्या बातम्या ऐकत बसतो. पलसाणा भागातल्या खाड्यांना धरण लागत नाही. इथलाच पाऊस त्यांना काही तासांत भरतो.

तेव्हापासून जूनमध्ये शाळा उघडली की कोरड्या दिवशी आठवी-नववीची मुले घेऊन आम्ही शाळेचे रस्ते पाहतो. रस्ता सर्वात खोल कुठे उतरतो? मोरीचे नळ प्लास्टिकने, कापडाच्या चिंध्यांनी तुंबलेत का? भिंतीवर मागच्या पाण्याची रेघ किती उंच? डांबर नवे आहे, पण कडेची माती राहिली आहे का? सारे मोजून वहीत लिहितो. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तोंडी अजून ‘पुलिया’च येते, मुले हसतात.)

मोठ्या पुलाचे मात्र नुसते पाहून कळत नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती. पूर पायाजवळची माती खरवडून नेतो, ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ भरतो. वरून सगळे ठीक दिसते. ते काम पाण्याखाली उतरून पाया तपासणाऱ्या इंजिनियरांचे.

आमच्या हाती वही आहे. तिच्यात चार मोऱ्या आहेत. त्या रस्त्यांची मुले जोराच्या पावसात शाळेतच थांबतील, खिचडीची सोय आहे. पालकांनीही पाणी ओलांडून न्यायला येऊ नये. गुडघ्याखालचे वाहते पाणीसुद्धा स्कूटर ओढून नेते. आपला रस्ता वहीत नसेल तर वर्गशिक्षकांना या आठवड्यात कळवावे.