कोल्ह्याचं कातडं, सुरतेची साडी

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत फिरताना अहिराणी कानावर पडते; दोन गल्ल्या ओलांडल्या की ओडिया, पुढे भोजपुरी. तापीखोऱ्याच्या रेल्वेने आलेली धुळे-नंदुरबारची माणसं आणि ओडिशातल्या गंजामची माणसं लूमच्या एकाच खडखडाटात पाळ्या करतात. त्यांनी विणलेलं कापड देशभर जातं. कापडाला सुरतेचं नाव लागतं, त्यांचं लागत नाही. इथे मला सोव्हिएत चित्रपट-दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्ह आठवतो.

१९२६ साली त्याने 'जगाचा सहावा हिस्सा' हा मूकपट केला. सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यांत छायाचित्रकार धाडले, आणि नेनेत्स, बुर्यात, उझबेक, दागेस्तानी चेहऱ्यांनी पडदा भरून गेला. मधल्या अक्षरपाट्या त्यांना थेट 'तू' म्हणून साद घालतात. एवढ्या आपुलकीने या माणसांना कुणी पडद्यावर आणलं, याचं मोल मोठंच आहे. पण पैसा होता गोस्तोर्ग या सरकारी व्यापारसंस्थेचा. शिकाऱ्याची फर परदेशी विकायची आणि त्या पैशातून यंत्रं आणायची, असा तो हिशेब. शिकारी दिसतो, फरचा दर मात्र त्याला कुणी विचारत नाही.

दोन वर्षांनी सोव्हिएत दिग्दर्शक पुदोव्हकिनच्या 'आशियावरील वादळ'मध्ये पुन्हा फरच आहे. कोल्ह्याचं दुर्मीळ कातडं घेऊन मंगोल शिकारी बाजारात येतो, गोरा व्यापारी त्याला फसवतो, आणि तो पेटून उठतो. ही भूमिका बुर्यात वंशाच्या वालेरी इंकिझिनोव्हने केली. हा शिकारी दरावरून भांडतो, आणि कथा त्याच्या रागातून पुढे सरकते. लेखणी आणि कॅमेरा मात्र मॉस्कोकरांच्याच हातात राहिले.

त्याच १९२८ साली सुरत जिल्ह्यात बारडोलीचा सत्याग्रह झाला. वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध जमीनवाले शेतकरी जिंकले. त्यांच्या शेतांत पिढ्यानपिढ्या कर्जात बांधलेल्या हाली मजुरांची सुटका त्या मागण्यांत नव्हती. दहा वर्षांनी तापीकाठी हरिपुऱ्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी त्यासाठी ढोलवाले, सूत कातणाऱ्या बाया, कारागीर असे साधे लोक रंगवले. राष्ट्राच्या मंडपात कष्टकऱ्यांचे चेहरे लागले, आणि हाली मात्र कर्जातच राहिले.

मग १९५७ चा 'मदर इंडिया'. मेहबूब खान यांच्या संस्थेचं बोधचिन्हच विळा-हातोडा, आणि चित्रपटातल्या आगीचा प्रसंग सुरतेच्या उमऱ्यात चित्रित झालेला. सावकाराच्या कर्जात पिचलेली राधा आजही काळजाला हात घालते. पण तिच्याकडे गहाण टाकायला जमीन तरी होती. हालीकडे तीही नव्हती.

म्हणून मला अण्णाभाऊ साठे फार मोठे वाटतात. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला, मुंबईत गिरणीत राबलेला हा माणूस १९६१ साली सोव्हिएत देशात गेला, आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी तो देश पाहून प्रवासवर्णन लिहिलं. ज्याच्याकडे आजवर इतरांनी पाहिलं होतं, तोच आता पाहणारा झाला.

आज खानदेशातली तरुण पोरं मोबाइलवर अहिराणी गाणी चित्रित करतात, हजारो लोक ती पाहतात. कॅमेरा हाती आला आहे. आता लूमच्या कारागिराने त्यात मीटरमागे मिळणाऱ्या मजुरीची गोष्ट सांगावी, दर स्वतः ठरवू पाहावा. चेहरा दाखवायला सरकारही तयार असतं, बाजारही. दरावरचं त्याचं म्हणणं ऐकून घेईल तोच सिनेमा मी त्याचा मानेन.