दोन पुरांच्या मधले

बीळ म्हटलं की पोकळी आली, आणि आत दडून बसलेलं कुणीतरी आलं. सध्या मी भूशास्त्रावरचा जो लेख मराठीत आणते आहे, त्यातल्या बिळांमध्ये दोन्ही नाहीत. प्राचीन नद्यांच्या पूरमैदानात अळ्या, कृमी, खेकडेवर्गातले जीव यांनी कोरलेली ही बिळं केव्हाच भरून गेली. काही जीव तर पुढची माती उकरून मागे दाबतच सरकतात. दगडात उरतात त्या एकामागे एक बसलेल्या मातीच्या चंद्रकोरी. शास्त्रज्ञ नाव देतात ते या खुणेला, ती करणाऱ्याला नाही. कारण एकाच प्राण्याच्या खुणा अनेक तऱ्हांच्या असतात, आणि निराळे प्राणी सारखीच खूण सोडून जातात. लेखात मी ‘भरलेलं बीळ’ असं लिहिलं आहे.

खूण कशी वाचायची, यावरून जबलपूरच्या खडकांबाबत मोठा वाद झाला. नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून नाव मिळालेले हे थर दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचे, साधारण सात कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही ते आहेत. जबलपूरच्या हिरवट वालुकाश्मात फाटे फुटलेली बिळं दिसली. अशा बिळांना ‘थॅलॅसिनॉइडीस’ म्हणतात. नावाच्या मुळाशीच समुद्र या अर्थाचा ग्रीक शब्द. साहजिकच इथे समुद्र होता, असं काहींनी म्हटलं. पुढे भोवतालचे थर वाचले गेले: चुनखडीच्या गाठी धरलेल्या जुन्या जमिनी, डायनोसॉरांची अंडी. मग हा नद्यांचा आणि पूरमैदानांचा प्रदेश, हे मत बळावलं. खूण होती तशीच राहिली; अर्थ शेजारच्या मातीने दिला. अनुवाद करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मी चेन्नईत अड्यार नदीजवळ, तळमजल्यावर राहते. म्हणजे मीही पूरमैदानातच. डिसेंबर २०१५मध्ये नदी घरात आली. पाणी ओसरल्यावर शब्दकोशांच्या पानांत गाळ होता, मऊ आणि पिठासारखा बारीक. २०२३च्या डिसेंबरात मिचौंग वादळाने शहर पुन्हा बुडालं, तेव्हा आईने विचारलं, “पाणी येणारच असेल, तर इथे राहायचं कशाला?”

पूर एखाद्या रात्रीत थर टाकून जातो. बिळं होतात ती नंतर, पाणी हटल्यावर, जमीन स्वस्थ असताना. लगेच दुसरा गाळ आला, तर थराच्या बारीक रेघा शाबूत राहतात; उसंत मिळाली, तर जीव त्या रेघा पोखरून, ढवळून पार पुसून टाकतात. म्हणून खूप पोखरलेला थर बहुधा लांबलेल्या उसंतीचा पुरावा असतो. तिथे कुणाला तरी राहायला वेळ मिळाला होता.

आमच्या गल्लीत मात्र वर्षं पुरांनीच मोजली जातात. मधल्या आठ वर्षांत आईने ओसरीत कढीपत्ता वाढवला, शेजारच्या मुली शाळा संपवून कॉलेजात गेल्या, माझी तीन पुस्तकं अनुवादून झाली. यातल्या कशाचीही तारीख कुणी सांगत नाही.

आईच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे. पाणी पुन्हा येईल, आणि तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत. पहिल्या मजल्यावरची घरं आम्ही पाहतो आहोत. तोवर कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा रिकामा असतो, आणि कढीपत्त्याला रोज पाणी.