मामांना मोशी दाखवली

मोशीच्या ‘किसान’ प्रदर्शनाला मामांना न्यायची टूम माझी. मामा काही मागे लागले नव्हते. पुण्यात त्यांचं काम म्हणजे मार्केट यार्ड. अंजिराचा तोडा सुरू झाला की पहाटे बोपदेव घाट उतरून गुलटेकडीला माल लावायचा, पट्टी घ्यायची आणि परतताना बिबवेवाडीत आमच्याकडे चहा पिऊन गंगाधाम चौकातून कोंढव्याकडे निघायचं. असाच एकदा चहा पिताना ते म्हणाले, ‘यंदा तांबेरा लई आहे रे. फवारून फवारून कटाळलो.’ मी लगेच उसळून म्हटलं, ‘मामा, मोशीला चला. सगळं आधुनिक बघायला मिळेल.’ त्यांना तांबेऱ्यावर औषध हवं होतं. मला त्यांना काहीतरी दाखवायचं होतं.

सातबाऱ्यावर नाव नाही पण शेतीवर मत आहे, अशा पुणेकरांपैकी मी एक. लहानपणीच्या सुट्ट्या पुरंदरला मामांकडे काढल्या, एवढंच भांडवल.

प्रदर्शन डिसेंबरात बुधवार ते रविवार असं पाच दिवस असतं. मी रविवार निवडला, कारण मला सुट्टी रविवारची. मामांना सगळे वार सारखेच होते, हे तेव्हा सुचलं नाही. रविवारी निम्मं पिंपरी-चिंचवड तिथं पोराबाळांसह सहलीला येतं आणि स्टॉलवरच्या माणसाला शेवटच्या दिवशी बोलायचं त्राण उरलेलं नसतं. अभ्यासाला जायचं तर बुधवार-गुरुवार.

मामांनी एकच इच्छा बोलून दाखवली होती, स्वारगेटहून ती जमिनीखालची मेट्रो बघायची. बिबवेवाडीहून स्वारगेट ते कितीसं! मेट्रोनं नाशिक फाट्यापर्यंत जायचं आणि पुढे बस किंवा रिक्षा. पण मी म्हटलं, ‘कशाला दगदग, गाडी आहे ना.’ मग दापोडीपासून मामा काचेतून वर बघत बसले. वरून मेट्रो पुढे जात होती, खाली आम्ही एका टेम्पोच्या मागे उभे होतो. भोसरीत तर गाडी बंद करून बसलो. पार्किंगच्या मैदानात उतरलो तेव्हा मामांचं धोतर आणि माझे पांढरे बूट एकाच रंगाचे झाले होते. मामींनी बांधून दिलेली भाकरी-चटणी मामांनी तिथंच गाडीला टेकून खाल्ली. मी आतल्या पिठलं-भाकरीच्या स्टॉलवर रांगेत उभं राहायचं म्हणून उपाशी राहिलो.

आत गेल्यावर मामा पहिल्याच ठिबकच्या दालनात अडकले. डिस्क फिल्टर उघडून त्यांनी आतल्या चकत्या हातात घेतल्या, एकेक वेगळी करून अंगठ्याचं नख तिच्या खाचांवरून फिरवलं, पुन्हा ओळीनं बसवल्या. त्यांच्या विहिरीला शेवाळ येतं आणि लॅटरलची भोकं बुजतात. स्टॉलवरच्या माणसाशी त्यांचं ॲसिड किती दिवसांनी सोडायचं यावर बोलणं रंगात आलं होतं. तो माणूसही जाणकार होता, वहीवर आकृती काढून दाखवत होता. आणि मी घड्याळ बघत होतो. ड्रोनच्या प्रात्यक्षिकाची वेळ झाली होती. ‘मामा, फिल्टर काय, कुठेही मिळतो,’ असं म्हणून मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. या वाक्याची मला अजून लाज वाटते. मामांनी आकृतीचा कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि मुकाट्यानं आले.

मोकळ्या जागेत दोरी बांधून गर्दी मागे ठेवली होती. ड्रोन सहा हातांचा, मध्ये पांढरी दहा लिटरची टाकी, खाली नोझल. चालवणारा पोरगा विशीतला, बोलायला साधा. मी मात्र वाचून आलो होतो. तो सांगायच्या आधी मीच मामांना सांगत सुटलो, की एकराला सात-आठ मिनिटं लागतात, पाठीवरच्या पंपाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं तिथं याला दहा लिटर पुरतं, ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलंय आणि किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये सरकार देतं. मामीच्या गटानं अर्ज करावा, असंही वर सुचवलं. मामांनी ऐकून घेतलं आणि पोराला विचारलं, ‘पानाच्या पालथ्या बाजूला पडतंय का औषध?’

यापेक्षा नेमका प्रश्न त्या दिवशी त्या मैदानात कुणी विचारला नसेल. अंजिराचा तांबेरा पानाच्या खालच्या अंगाला धरतो. तिथं बारीक फोड येतात, तांबूस भुकटी हाताला लागते, मग पान पिवळं पडून गळतं. वरून कितीही औषध ओतलं तरी खालचा रोग जागच्या जागी. पोरगा तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणालो, ‘अहो मामा, पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटतात. सगळीकडे जातं.’ कुठल्याशा व्हिडिओत ऊस की सोयाबीन हलताना पाहिलं होतं, त्या जिवावर. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी गिऱ्हाईक पटवतोय असं त्याला वाटलं असावं, तो गप्प बसला.

ड्रोन उडाला. धूळ आणि पाचोळा आमच्या तोंडावर आला, पोरं ओरडली, पाण्याचा पट्टा सरळ रेषेत पुढे सरकत गेला. दिसायला झकास. मी मोबाइल उंच धरून सगळं टिपत होतो. मध्येच वळून पाहिलं तर मामा दोरीपाशी नव्हते. मागे एका ट्रॅक्टरच्या सावलीला, ड्रोनकडे पाठ करून उभे होते. उन्हाचा त्रास झाला असेल, असं समजून मी व्हिडिओ पूर्ण केला आणि तिथंच उभ्या उभ्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मामांच्या शेतावर आता ड्रोन!’ पुढे हसणारे तीन चेहरे.

मामांचं गाव पुरंदर विमानतळासाठी ज्या सात गावांची नावं निघाली, त्यांतलं एक आहे. २०१६ पासून ही टांगती तलवार. २०२५ च्या मे महिन्यात जमिनीच्या मोजणीसाठी तिथं ड्रोन उडवायला पथकं आली, तेव्हा गावकरी रस्त्यावर आले, पोलिसांशी झटापट झाली, लाठ्या चालल्या. माझे दोन मामेभाऊ त्या गर्दीत होते. मामी रात्रभर जागी होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्या दिवशी बिबवेवाडीत बसून टीव्हीवर बातम्या बघत मीच चारदा फोन केला होता. सात महिन्यांत मी ते विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा मोशीतला ड्रोन आणि त्यांच्या रानावरचा ड्रोन माझ्या डोक्यात वेगळ्या खणांत होते. मामांना आवाज एकच होता.

ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. एरवी ‘सुप्रभात’लाही वीस अंगठे येतात. अर्ध्या तासानं मामींचं एवढंच आलं, ‘त्यांना घरी लवकर पाठव.’ मी घाईनं व्हिडिओ काढून टाकला. मेसेज काढला की काढल्याची पाटी राहते आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही विचारू लागतात, हा धडा त्याच दुपारी मिळाला.

मग भरपाई म्हणून आणखी एक चूक केली. माफी मागायचं सोडून खरेदी केली. संध्याकाळी एका स्टॉलवर सोळा लिटरचा बॅटरीवरचा पाठपंप ‘शेवटचा दिवस, शेवटचे दोन पीस’ म्हणून चालला होता. मी मामांना न विचारता पैसे दिले आणि तो त्यांच्या हातात ठेवला. मामा म्हणाले, ‘असू दे.’ त्यांच्या बागेत एचटीपी पंप आहे, लांब पाइप आणि गन. बारा-पंधरा फुटी झाडांच्या बागेला पाठीवरचा सोळा लिटरचा पंप म्हणजे उंटाच्या तोंडात जिरे, हे कुणालाही कळावं. पुढे चार्जरही बिघडला आणि पावतीवरचा नंबर लागेना. पंप आता आमच्या माळ्यावर आहे.

परतीच्या वाटेवर खडकीपर्यंत कुणीच बोललं नाही. मग मीच विषय काढला, चुकलं म्हणालो. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘तुझं काय चुकलं? यंत्र चांगलं आहे. पर ते वर घिरट्या घालाय लागलं की मला वाटतं, आता खाली काय चाललंय ते हे लिहून घेतंय.’ आणि थोड्या वेळानं, ‘त्या पोराला बोलू द्यायचं होतंस.’

जानेवारीत यार्डातून येताना मामांनी सांगितलं, की ते जाधववाडीला जाऊन आले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र तिथं आहे, पुरंदर तालुक्यातच. अंजिराची ‘फुले राजेवाडी’ ही जात त्यांचीच. तिथं मामांना सांगितलं, की गळलेली रोगट पानं बागेत ठेवू नका, गोळा करून नष्ट करा, छाटणी करून आत हवा-ऊन खेळू द्या आणि गनचं तोंड खालून वर धरून पानाच्या पालथ्या बाजूला फवारा. ड्रोनचंही त्यांनी विचारून घेतलं होतं. ऊस, भात, सोयाबीन अशा सपाट पिकाला ठीक, दाट फळझाडाच्या पोटात त्याचं औषध नीट पोचत नाही. मोशीतला पोरगाही बहुधा हेच सांगणार होता.

फिल्टरचं दुकान मामांनी वहीच्या त्या कागदावरच्या नंबरवरून शोधलं. फिल्टर बसवून झाला.