घनसाळाची आगाऊ वर्गणी

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्याच्या घनसाळ भाताला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; मालाचे नाव त्याच्या मूळ प्रदेशाशी कायद्याने बांधून इतरांना ते वापरण्यास मनाई करणे, असा या संज्ञेचा थोडक्यात अर्थ. मात्र नाव राखले म्हणून भाव राखला जातोच असे नाही, कारण शहरातील दुकानात सुट्या तांदळाच्या पोत्यावर घनसाळची पाटी खोचणाऱ्याला पुरावा विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. घनसाळ हे गरवे, म्हणजे उशिरा पक्व होणारे भात आहे. त्याचे ताट उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते, आणि उतारा सुधारित वाणांच्या मानाने कमी पडतो. त्याला किंमत आहे ती वासामुळे. हा वास मुख्यत्वे २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन या संयुगाचा असून तेच संयुग बासमतीत आणि रंपेच्या पानांतही आढळते. ते सहज उडून जाणारे असल्याने वाळवण, कांडप व साठवण यांत हयगय झाली, तर उरतो तो नुसता तांदूळ.

प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाचे दीड एकर घनसाळ वर्षानुवर्षे गावच्या गिरणीत कांडले जात असे आणि तेथेच त्याचे वेगळेपण हरवत असे, कारण आधीच्या कांडपाचे दाणे यंत्रात अडकलेले असतात व ते पुढच्या मालात उतरतात. उपाय उघड होता: स्वतःची छोटी गिरणी आणि साठवणीच्या कोठ्या. बँकेचे कर्ज घ्यावे, तर सातबारा सामाईक. मुंबईत स्थायिक झालेल्या चुलत्यांची संमती मिळवण्यात दोन हंगाम गेले आणि ती शेवटपर्यंत मिळाली नाही. तेव्हा क्राउडफंडिंगचा, म्हणजे अनेकांकडून थोडीथोडी रक्कम गोळा करून काम उभे करण्याचा विचार पुढे आला.

शब्द नवा असला तरी मराठी माणसाला ही रीत नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड सुरू केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि माणशी एक पैसा या हिशेबाने जमलेल्या निधीतून तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. पुढे गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून ‘मंथन’ हा चित्रपट १९७६ मध्ये पडद्यावर आणला. आजच्या कायद्याने पाहता या रीतीचे चार प्रकार पडतात. देणगीत परतफेड नसते, मोबदल्याच्या प्रकारात पैशाऐवजी वस्तू मिळते, व्यक्तीव्यक्तींमधील ऑनलाइन कर्जाचा मंच चालवणाऱ्यांना २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत, आणि भागभांडवल मात्र आम जनतेकडून असे गोळा करण्यास भारतात मुभा नाही, त्यावर सेबीने २०१४ मध्ये चर्चापत्र काढले असले तरी. दीड एकराच्या धन्याला यांपैकी पहिले दोनच मार्ग सोयीचे होते.

पहिला प्रयत्न देणगीचा होता आणि तो फसला. एका मंचावर जे आवाहन टाकले गेले, त्यात गव्यांनी तुडवलेले पीक, हत्तींची भीती, वडिलांचे वय अशी सगळी दुःखे एकापुढे एक मांडली होती. त्यातील एकही खोटे नव्हते, तरीही आज ते वाचताना लेखिकेला संकोच वाटतो. पैसे दिले ते बहुतेक नातेवाइकांनी, त्यातून मंचाने आपला वाटा कापून घेतला, आणि गिरणीच्या मोटारीपुरतीही रक्कम हाती लागली नाही. अनोळखी माणूस रोज अशी पन्नास दुःखे पाहतो. एकावन्नाव्यासाठी त्याने थांबावे असे त्या मजकुरात काही नव्हते.

त्यानंतर वेबिनार, म्हणजे इंटरनेटवरून भरवलेले चर्चासत्र, सुरू झाले, पण ते पैशासाठी नव्हे. पुण्यातील एका ग्राहक मैत्रिणीने खरा घनसाळ ओळखावा कसा, असे विचारले आणि तिच्यासोबत आणखी अकराजणी ऐकायला बसल्या. झूमच्या विनामूल्य बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा असते. ती अडचण वाटली होती, प्रत्यक्षात तिने पाल्हाळाला चांगला आळा घातला. घरात रेंज येत नसल्याने सत्र मागच्या टेकाडावरून घ्यावे लागे, आणि जुलैत छत्रीवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात निम्मे बोलणे वाहून जाई. तरीही रोपलावण, फुलोरा, कापणी, मळणी असा हंगामाच्या क्रमाने विषय पुढे सरकत गेला. सर्वाधिक प्रश्न शेतीविषयी नसून स्वयंपाकाविषयी असत: नवा तांदूळ गिच्च का होतो, तर त्याला जुन्याच्या मानाने पाणी कमी लागते म्हणून, हे उत्तर लेखिकेच्या आईने इतक्या वेळा दिले की अखेरीस ते जुने श्रोतेच नव्यांना देऊ लागले. चौथ्या सत्रात एका श्रोत्याने पुढच्या पिकाचे पैसे आधीच घ्याल का, असे आपण होऊन विचारले.

त्यातून आगाऊ वर्गणीची योजना आखली गेली. ग्राहकाने हंगामाआधी पैसे देऊन शेतकऱ्याच्या जोखमीत वाटेकरी व्हायचे, ही पद्धत जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई या नावाने रुजली आणि अमेरिकेत १९८६ पासून वाढली. घनसाळाच्या योजनेत सभासदाने दहा किलोंची किंमत व गिरणीसाठी तितकीच रक्कम भरायची आणि पीक कमी आल्यास सर्वांना त्याच प्रमाणात कमी मिळायचे, असे ठरले. बावन्न सभासद झाले. परदेशस्थ मराठी मंडळींचा उत्साह सर्वांत दांडगा, आणि त्यांचीच प्रकरणे सर्वांत किचकट निघाली. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी अंशदान ठरत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी तशी ठरते, एवढा भेद कळायला सनदी लेखापालाकडे तीन खेपा झाल्या. शिवाय जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर आलेली बंदी सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकल्याने त्यांचा तांदूळ त्यांच्या पुण्या-मुंबईतील आईवडिलांच्या घरी पोचता केला गेला.

त्याच हंगामात परतीच्या पावसाने लोंब्यांवर आलेले पीक आडवे केले. सभासदांना दहाऐवजी सातच किलो मिळणार, हे सांगण्यासाठी जे सत्र घेतले, ते थेट बांधावरून, आडव्या भाताकडे कॅमेरा फिरवून. आणि देणगीच्या आवाहनापेक्षा ते कितीतरी जड गेले, कारण येथे समोरच्याला हिशेब मागण्याचा अधिकार होता. चौघांनी पैसे परत मागितले. योजनेच्या अटीनुसार ते देणे बंधनकारक नव्हते, पण दिले गेले, आणि ते योग्य की अयोग्य यावर घरात अजून एकमत नाही.

गिरणी मात्र आली. घनसाळाचे कांडप जेमतेम दोन महिने चालते, उरलेला काळ यंत्र नुसते ठेवणे परवडत नाही, म्हणून शेजारीपाजारी आपले इंद्रायणी वाणाचे भात घेऊन येतात आणि ज्या भेसळीपासून सुटण्यासाठी गिरणी घेतली, तीच भेसळ आता घरच्या यंत्रात शिरू पाहते. मागच्या सत्रात एका सभासदाने नेमके यावरच बोट ठेवले. तेव्हापासून घनसाळाच्या कांडपाआधी यंत्र खोलून झाडले जाते आणि पहिले पाच किलो तांदूळ बाजूला काढून कोंबड्यांना घातले जातात. हे काम कॅमेऱ्यासमोर व्हावे, असा त्या सभासदाचा आग्रह असतो.